खार बरोबर आहे

शीतनिद्रा कक्षात सकाळची वेळ नातेवाइकांची. कुणी टाकीच्या काचेवरून हात फिरवतं, कुणी आत झोपलेल्या बापाला नातवाचे मार्क सांगतं. आत उणे सहा अंश, तरी माणूस गोठलेला नसतो. नवं हृदय किंवा यकृत मिळेपर्यंत वाट पाहत पडायचं, मग त्याला दोन वर्षं लागोत की दहा.

ही सगळी करामत रक्तात सोडलेल्या द्रावणाची. पाण्याचे रेणू शिस्तीत रांगा लावू लागले की बर्फ होतो. विरघळलेले कण मध्ये घुसून त्या रांगा लागू देत नाहीत, म्हणून पाणी शून्याखालीही पाणीच राहतं. शास्त्रीय नाव हिमरोधक, पण कक्षात सगळे म्हणायचे ‘खार’. तो कमी पडला की द्रावण ‘अळणी’. ज्याने खार कालवला त्याने रुग्णाच्या कानाशी वाकून सांगायचं, “खार बरोबर आहे,” मगच रुग्णाने डोळे मिटायचे, असा तिथला रिवाज होता.

याच कक्षात काम करणाऱ्या इरावती सोनटक्केच्या नवऱ्याला, हृषीकेशला, हे वाक्य कक्षप्रमुख डॉ. प्रल्हाद गोगट्यांनी स्वतः सांगितलं होतं. धडधडीत खोटं! खाराचा तुटवडा होता आणि पाहुण्यांना प्रयोग दाखवायची घाई. हृषीकेशच्या पेशी बर्फाच्या सुयांनी फाटल्या. “शरीरानं साथ दिली नाही,” म्हणून गोगटे मोकळे झाले. उरलेलं द्रावण इरावतीने थंड करून पाहिलं, तर ते उणे दोनलाच दगड झालं. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून ती या माणसाला पाण्यात पाहत होती.

आज गोगटेच टाकीत आडवे झाले होते. यकृत निकामी झालेलं. निजले नाहीत तर आठवडाही काढणार नव्हते. आणि खार कालवायची पाळी इरावतीची होती.

“सोनटक्केबाई, झालं ना सगळं?”

“नळी सुरू केलीय, सर.”

“मग ते... ते वाक्य राहिलं.”

“कोणतं, सर?”

गोगट्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “इरावती, अळणी नाही ना?”

“हृषीकेशनं विचारलं होतं का? त्यानं विश्वास टाकला. तुम्हीही टाका.”

खार चोख होता. ती खुनी नव्हती; हा एक क्षण त्यांनी चाखावा, एवढंच तिला हवं होतं. त्यांची जीभ जड होत गेली, डोळे मात्र तिच्यावरच खिळून राहिले. इरावतीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

पारा उणे सहावर स्थिरावला तेव्हा शेजारची तंत्रज्ञ शमिका पडद्याकडे पाहत राहिली.

“मॅडम, रक्त छान वाहतंय. पण मेंदूची रेघ सरळच होत नाहीये. भीतीनं रक्तात काय काय उसळलंय, ते सगळं खारात मिसळलं. मेंदू झोपतच नाहीये.”

“म्हणजे?”

“जागे आहेत ते, आणि घाबरलेले. मन शांत हवं म्हणूनच तर ते वाक्य सांगायचं असतं ना?”

हा रिवाज का पडला, हे इरावतीने कधी विचारलंच नव्हतं. हृषीकेश निदान झोपेत गेला होता.

“आता काही सांगितलं तरी त्यांना ऐकू येणार नाही,” शमिका म्हणाली. “बाहेर काढलं तर पुन्हा निजवता येणार नाही, आठवड्यात जातील. ठेवलं तर यकृत मिळेपर्यंत असेच जागे. मॅडम, काय करू?”