पायरीवरच्या गुलाबी चपला

"मनू कुठाय?" ऋग्वेदाने मागे वळून विचारलं. इतका वेळ धाकटी बहीण तिच्या ओढणीला लोंबकळत होती.

"पहिल्या गाडीतून गेली असेल," सुट्टीच्या शिबिराचा निलेशदादा मोबाईलमध्ये बघत म्हणाला. "चल, आपली गाडी लागलीये."

"तू बघितलंस तिला चढताना?"

"अगं, पाच वर्षांची पोर जाणार कुठे?"

नेमकं तेच ऋग्वेदाला कळत नव्हतं. पहिल्या गाडीतल्या ताईंचा फोन लागेना. दादरचं हे जुनं चर्च दाखवून झालं होतं आणि रखवालदार आनंदाकाकांनी कुलूपही घातलं होतं.

"ए, इकडे ये," शिबिरातल्याच धम्मपालने बाजूच्या दाराकडून हाक मारली.

पायरीच्या कोपऱ्यात मनूच्या गुलाबी चपला होत्या. देवळाबाहेर काढतात तशा, भिंतीला लावून. सकाळी सगळेच सवयीने चपला काढायला लागले होते. इथे घालूनच जायचं, असं निलेशदादाने सांगितलं, ते मनूने ऐकलंच नसणार.

"काका, ती आत आहे," ऋग्वेदा म्हणाली.

"मी हाक मारून बघितलं. कोण नाय आत. चपला इसरली असंल." आनंदाकाकांनी डबा उचलला.

"मे महिन्यात, भरदुपारी?" धम्मपाल म्हणाला. "ह्या फरशीवर अनवाणी चालून दाखवा ना."

"फादर आल्याशिवाय उघडत नाय. जेवू दे मला."

ऋग्वेदाने दार जोरात ढकलून पाहिलं. धम्मपाल तिच्या कानाशी पुटपुटला, "रडू नकोस. नुसती मान हलव." मग मोठ्याने म्हणाला, "काका, खिडकीतून धूर दिसतोय. मेणबत्ती पडली वाटतं. हो ना गं?"

तिने मान हलवली. डबा पायरीवर टाकून काका किल्ली घेऊन धावले.

आत धूर नव्हताच. मागच्या कोपऱ्यात, गाणाऱ्यांच्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या दाराला बाहेरून कडी होती. ऋग्वेदाने ती ओढली. खालच्याच पायरीवर मनू बसली होती. रडून रडून आवाज बसलेला.

"मी वरची वाजवायची मोठी पेटी बघायला गेले होते," ती कशीबशी म्हणाली.

कडी काकांनीच लावली होती. ते खाली बघत म्हणाले, "डोकं हाय पोरांनो तुम्हाला. पन खोटं बोललात."

"मेणबत्तीसाठी धावलात काका," धम्मपाल म्हणाला. "मनूसाठी नाही धावलात."

निलेशदादाने स्वतःच ऋग्वेदाच्या आईला फोन लावला. "चूक माझी आहे, काकू. ऋग्वेदा आणि धम्मपाल होते म्हणून मनू सापडली."

ऋग्वेदाने फोन घेतला. "आई, मनू माझ्याजवळ आहे," ती शांतपणे म्हणाली.

फोन ठेवून तिने पायरीवरच्या गुलाबी चपला मनूच्या पायात घातल्या.