थॉर्नरिगच्या सहा तलवारी

"बाबा, पेटी रिकामी आहे!"

नेड ओरडला आणि बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. नाताळचा दुसरा दिवस, बारा वाजता चौकात तलवारींचा नाच, आणि सहाच्या सहा तलवारी गायब! नाच चुकला तर गावाचं वर्ष वाईट जातं, असं थॉर्नरिगमधली म्हातारी माणसं सांगत. त्यात यंदा बाबा पहिल्यांदाच म्होरके झाले होते. आजोबांचे गुडघे थकले, म्हणून त्यांनी मानाची टोपी स्वतःच्या हातानं बाबांच्या डोक्यावर ठेवली होती.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना, जॉस?" नाचातले जुने गडी लँगडेलकाका कडाडले. "तुझ्या बापाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं! आज नाच झाला नाही, तर टोपी काढून ठेव!"

बाबांनी मान खाली घातली. नेडची बहीण हेटी पुढे सरकून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"हे शेजारच्या गावाचं काम!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे एकदम भांडायला लागले.

"मोठी माणसं आधी भांडतात, मग शोधतात," हेटीची मैत्रीण प्रू कुजबुजली.

"कुलूप तर धड आहे," नेड म्हणाला. "मग चोर काय धुरांड्यातून आला? सांताक्लॉज?"

"गप रे! मला वाटतं, तलवारी पेटीत गेल्याच नसतील." हेटी सरळ लँगडेलकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, परवा हॉलमध्ये तालमीच्या शेवटी तुम्ही सगळ्यांनी तलवारी एकमेकींत गुंफून तारा केलात, वर उचललात. मग तो सोडवला कुणी?"

"कुणी म्हणजे? अॅमॉसनं!"

"मी? छे!" शेजारचा अॅमॉस म्हणाला. "तेवढ्यात खायला गरमागरम पाईज आले ना! मला वाटलं, जॉसनं सोडवला."

"आणि मी न बघताच पेटीला कुलूप लावलं," बाबा पुटपुटले.

हेटीचे डोळे लकाकले. "म्हणजे तलवारी अजून ताऱ्यातच आहेत! चला, पळा!"

"अगं, पण कुठे?"

"काल रात्री चर्चमध्ये आपण कशाखाली उभे राहून गात होतो?"

चर्चच्या कमानीत आयव्हीच्या वेलानं मढवलेला मोठा हिरवा तारा लटकत होता. नेडनं शिडी लावली, तोच सजावटवाल्या हॅरवूडबाई धावत आल्या.

"खबरदार! माझ्या ताऱ्याला हात लावलास तर!"

"बाई, सांगाडा तुम्हीच केलात?" हेटीनं गोड आवाजात विचारलं.

"सांगाडा? तो हॉलच्या टेबलावर पडला होता. कुणीतरी माझ्यासाठीच ठेवला असणार! एक खिळा नाही, तरी किती घट्ट!"

नेडनं वरून पानं बाजूला सारली. आत मुठीवर निळा दोरा! बाबांच्या तलवारीला हेटीनंच तो गुंडाळला होता. बाईंचा चेहरा पाहून प्रूला हसू आवरेना.

पण घड्याळात बारा वाजायला आले होते. वेल सोडवायला वेळच नव्हता. तिघं पानांसकट तारा उचलून धावत सुटली. चौकात माणसं जमली होती, बाबा टोपी काढून हातात धरून उभे होते. तारा दिसताच त्यांचे डोळे भरून आले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आजोबा खो खो हसले. "रात्रभर त्याच्याखाली उभं राहून गायलात की रे! लँगडेल, आता ती टोपी कुणाच्या डोक्यावर?"

"जॉसच्या," काका खाली बघत म्हणाले. "माझीच जीभ सैल सुटली."

पानं ओरबाडली गेली, तलवारी सोडवल्या गेल्या आणि नाच झाला. काय नाच झाला! शेवटी तलवारी पुन्हा गुंफून बाबांनी तारा उंच धरला, टाळ्या कडाडल्या. पण या वेळी त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला नाही. ते हेटीसमोर आले.

"आजवर नाचानंतर हा तारा कुठल्या मुलीनं सोडवला नव्हता," आजोबा म्हणाले. "ओढ, पोरी! तारा सोडवायचा राहिला हे कुणाच्या लक्षात आलं, ते गावाला कळू दे!"

हेटीनं निळ्या दोऱ्याची मूठ धरली आणि ओढली. खळ्‌कन सहा तलवारी सुट्या झाल्या, आणि कितीतरी वेळानं बाबा मोकळेपणानं हसले.