सोरखाची जागा

बोझेनाच्या तीन वह्या भरल्या होत्या. पहिलीत मासे, भाज्या आणि नातीगोती, दुसरीत क्रियापदं, तिसरीत शेजाऱ्यांच्या तोंडची वाक्यं, ऐकली तशी उतरवलेली. दिवसभर मासळीच्या कारखान्यात खेकडे सोलायचे आणि दर मंगळवारी हाताचा वास जायच्या आत शाळेतला आयरिशचा वर्ग गाठायचा, असं तिचं चार वर्षं चाललं होतं. तरीही रॉसकील या आयरिश बोलणाऱ्या गावातल्या एकुलत्या एका दुकानात तिनं आयरिशमध्ये पाव मागितला, की दुकानवाली मारीन गोड हसून इंग्रजीत विचारायची, "कापलेला देऊ की अख्खा?"

मारीन मनानं वाईट नव्हती. पाहुणीला उगाच त्रास नको, एवढाच तिचा हिशेब. पण चार वर्षं पाहुणी म्हणून राहणं कसं असतं, ते पाहुण्यालाच ठाऊक.

बोझेनाच्या नवऱ्याला, राडेकला, याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. पोलंडहून निघताना जेवढी इंग्रजी आणली तेवढ्यावर त्याचं भागत होतं. "साहेब इंग्रजीत ओरडतो, तेवढं कळलं की बस," असं म्हणून तो तिच्या वह्यांना हसायचा.

एप्रिलात टेकडीवरच्या नॅनला टर्फ काढायला माणूस हवा होता. नॅन अठ्ठ्याऐंशी वर्षांची, घरात एकटी. दलदलीतून या जळाऊ मातीच्या ओल्या विटा कापून वाळत घातल्या नाहीत, तर हिवाळ्यात चुलीत घालायला काही नाही. राडेकचं काम तेव्हा बंद होतं, तो गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग रोजच जायला लागला.

तीन आठवड्यांनी दोघं दुकानात गेली, तेव्हा मारीन राडेकशी आयरिशमध्ये बोलली. तो काउंटरला रेलला आणि आयरिशमध्येच काहीतरी म्हणाला. दुकानातली सगळी माणसं खो खो हसली. तो विनोद बोझेनाला कळला नाही.

"कधी शिकलास?" गाडीत बसल्यावर तिनं विचारलं.

"काय?"

"आयरिश."

"नॅन बोलत असते, मी ऐकतो."

"तीन आठवड्यांत?"

त्यानं खांदे उडवले.

"मग मलाही शिकव."

"त्यात शिकवण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. चिडवत असता तर तिला चाललं असतं. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मे महिन्यात तो नॅनची जुनी होडी घेऊन समुद्रात जायला लागला. राडेकचं गाव समुद्रापासून चारशे किलोमीटर आत. त्याला धड पोहताही येत नसे. आता तो पाण्याकडे न बघता वल्ही मारत होता आणि खडक चुकवत होता. नॅननं त्याला एक लोकरी स्वेटर दिला. तो बाह्यांपासून गळ्यापर्यंत अगदी मापात बसला.

आणि एक दिवस पोस्टमननं रस्त्यातून हाक मारली, "काय रे टॉम बार्टलीच्या कोलीन, मासे लागतायत का?" राडेकनं मागे वळून हात केला.

रॉसकीलमध्ये आडनावाला कुणी विचारत नाही. माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, बापापुढे आजोबाचं, जसं टॉम आणि बार्टली, आणि एवढं असलं की तो माणूस गावचा झाला. बोझेनाला सगळे 'कारखान्यातली पोलिश बाई' म्हणत.

तिनं दुकान रिकामं असताना मारीनला गाठलं. "हा कोलीन कोण?"

"नॅनचा मुलगा," मारीन पाव लावता लावता म्हणाली. "शेवंड धरायला गेला, तो आलाच नाही. चाळीस वर्षं झाली. होडी सापडली, तो नाही."

"मग माझ्या नवऱ्याला कोलीन का म्हणता?"

मारीनचे हात थांबले. "मग काय म्हणायचं त्याला?" तिनं विचारलं आणि उगाचच गल्ल्याजवळचा कागद सरळ केला.

खरं तर बोझेनाला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो निव्वळ मत्सर. मेहनत हिची, आणि घर, आई, बाप, आजोबा सगळं त्याच्या पदरात. शिवाय तो तिच्या हातून निसटत होता, संध्याकाळ टेकडीवर काढत होता. एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीवर आपण जळतोय, हे कळूनही तिची जळजळ कमी होईना.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावच्या दफनभूमीत मिस्सा असते, गेलेल्यांसाठीची सामुदायिक प्रार्थना. त्याआधी आठवडाभर लोक थडगी घासतात, नवी खडी टाकतात. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या माणसांच्या थडग्याशी उभं राहायचं, आणि ज्यांचं इथल्या मातीत कुणी नाही त्यांनी भिंतीपाशी. चार वर्षं बोझेना आणि राडेक भिंतीपाशी उभी राहिली होती, हातात हात घालून.

या वर्षी फाटकातून आत येताच त्यानं तिचा हात सोडला. तो नॅनच्या नवऱ्याच्या, टॉम बार्टलीच्या, थडग्याकडे गेला आणि नॅनच्या शेजारी उभा राहिला. कुणाला नवल वाटलं नाही. दोघातिघांनी मान हलवून त्याला नमस्कार केला.

पावसाची भुरभुर सुरू झाली. राडेकनं छत्री उघडली. नॅनच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी होती. छत्री त्यानं दुसऱ्या बाजूला धरली, जिथं कुणीच नव्हतं. त्याचा एक खांदा भिजत होता. मधूनमधून तो त्या बाजूला वाकून हळूच काही बोलत होता.

बोझेना भिंत सोडून निघाली.

मारीन तिच्या माणसांच्या थडग्याशी, वाटेतच उभी होती. तिनं बोझेनाची बाही धरली. "तिथं नको गं."

"का नको?"

"ती सोरखाची जागा आहे. कोलीनच्या बायकोची."

"कुठं आहे ती?"

"बोस्टनला गेली आणि तिकडंच वारली."

"मग जागा रिकामीच आहे की."

"रिकामी नाहीये, बोझेना," मारीन खालच्या आवाजात म्हणाली. "ऐक माझं."

बोझेनानं बाही सोडवून घेतली. माझा नवरा, माझी छत्री. तिथं उभी राहीन तर मीच.

ती छत्रीखाली शिरली.

जागा उबदार होती. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय अशा खुर्चीसारखी.

नॅननं राडेकच्या पुढून हात लांब करून तिचं मनगट धरलं. "आलीस बाई एकदाची," ती आयरिशमध्ये म्हणाली. अर्थ लावायला बोझेनाला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

फादरनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांबरोबर तिच्याही तोंडून उत्तरं येत गेली, एकही न चुकता. हे तिच्या कुठल्याच वहीत नव्हतं. शेजारी तो होता, ओल्या लोकरीचा वास येत होता. कित्येक आठवड्यांनी त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो हसला. पोटातली जळजळ पार निवली. तिला इतकं बरं वाटलं, की रडू आलं.

डोळे पुसताना तिची नजर भिंतीकडे गेली.

तिथं एक बाई एकटीच उभी होती. हातात छत्री नाही, केस गालांना चिकटलेले. ती टक लावून इकडेच बघत होती, जणू हिनं तिचं काहीतरी उचलून नेलं होतं.

"कोण रे ती?" तिनं विचारलं.

त्यानं मान वळवून पाहिलं. "कारखान्यातली पोलिश बाई असेल कुणी. परकी दिसतेय."

तिला दया आली. परक्या माणसांशी गाव वागतं तसं, तिनं हसून हात वर केला.

ती बाई ओरडायला लागली. दोन्ही हात पुढे करून, पुन्हा पुन्हा, कुठल्या तरी भाषेत. हिनं कान देऊन ऐकलं. एक अक्षरही कळलं नाही.