कोरडी टाकी

गिझर गळतो म्हणून बोलावणं आलं की मी आधी घरच्यांना गप्प बसवतो. कोणी म्हणतं टाकी फुटली, कोणी म्हणतं भिंत झिरपते. सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, ऐकत बसलं तर डोकं उठतं. पण त्या दिवशी बोलावणं माझ्या सख्ख्या ताईचं होतं, आणि ताईला गप्प बसवणं मला जन्मात जमलेलं नाही. माझे केस पिकले तरी तिच्या लेखी मी बारक्याच.

तिची मुलगी मागच्या हिवाळ्यात तापाने गेली. एकुलती एक, फार उशिरा झालेली. भावोजी त्याआधीच गेलेले. तेव्हापासून ताई त्या घरात एकटी, आणि त्यांना इकडे घेऊन या म्हणून माझ्या बायकोचा रोजचा धोशा. ताई काही बधत नव्हती. त्या दुपारी तिने दार उघडलं. नुसती हाडं राहिली होती. अशीच आणखी थोडे दिवस राहिली तर हातची जाणार, हे मला तिथेच कळलं.

"गिझर बिघडलाय असं निघालं तर तुझ्याबरोबर येते," ती म्हणाली. "नाही निघालं, तर मला पुन्हा विचारू नकोस."

"म्हणजे काय?"

"ती अंघोळीला येते रे… पाणी तिच्यासाठी येतं."

मी हसण्यावारी नेलं. गिझर गळायची कारणं ठरलेली असतात, भुताखेतांना त्यात जागा नाही. न्हाणीघराला खिडकी नव्हती. दिवा लावला तरी कोपरे काळेच राहिले. साबणाचा आणि ओल्या केसांचा वास कोंडून राहिला होता. खाली बादली ठेवलेली, आणि तिच्यात सावकाश थेंब पडत होते.

माझी एक पद्धत आहे. सगळं खडखडीत पुसायचं आणि प्रत्येक जोडावर अंगाला लावायची पावडर मारायची. जिथून गळतं तिथे पावडरीत ओघळ उमटतो. वरच्या नळ्यांचे नट बघितले, कोरडे. दाब वाढला की पाणी सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बघितला, तोही कोरडा. खालच्या झाकणाचं रबर शाबूत. पावडर जशीच्या तशी, आणि बादलीत आपलं टप… टप… चालूच. ताई उंबऱ्यावर बसून बघत होती. एकेक जागा कोरडी निघाली की तिचा चेहरा उजळायचा आणि मला घाम फुटायचा.

शेवटी तिला चहा टाकायला पिटाळलं. वीज बंद केली, मुख्य कॉक बंद केला आणि टाकी रिकामी करायला घेतली. आत पाण्याचा टिपूस नव्हता. टाकी उतरवून बाहेर ठेवली, नळ्यांना बुचं मारली. मग उघड्या भिंतीसमोर श्वास रोखून उभा राहिलो.

टप.

थेंब कुठून सुटला ते दिसलं नाही. बादलीत बोट घातलं. पाणी कोमट होतं, लहान मुलाला सोसेल इतपत.

आमच्या धंद्यात काही सापडलं नाही की सांगायचं, टाकी आतून सडलीय. गिऱ्हाईक मान डोलावतं. मी बादली पालथी घातली, न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि ताईला तेच सांगितलं.

"सडली होती?" तिने विचारलं.

"हो, ताई."

खांदे पडले तिचे. मला भडभडून आलं, पण बाई जगायला हवी होती. मग म्हणाली, चल तर मग, येते तुझ्याबरोबर. फक्त एकदा आत जाऊन येते.

मी जाऊ दिलं. तिचे कपडे पिशवीत भरत बसलो. ती लगेच बाहेर आली. एकदम हलकी, हसरी. पिशवीकडे न बघता तिने माझा हात धरला आणि मला दाराकडे ओढलं. वर्षभरात तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खोटं बोललो ते सार्थकी लागलं म्हणायचं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. बाहेर जिन्यावर आलो. दार ओढून मी किल्ली कुलपात घातली.

तेवढ्यात आतून अंगावर पाणी घेतल्याचा आवाज आला. एक तांब्या. मग दुसरा.

"बारक्या… टॉवेल बाहेरच राहिला रे. तेवढा दे."

ताईचाच आवाज. थकलेला, नेहमीचा.

किल्ली कुलपात तशीच राहिली. शेजारी उभी होती तिने माझा हात आणखी घट्ट धरला.

"लाव ना कुलूप, मामा," ती म्हणाली.