बिनबटणाची बत्ती

नव्या बत्त्या येऊन सहा महिने झाले, तरी खाणकामगारांचे अंगठे बटण शोधायचे सोडत नव्हते. सकाळच्या पाळीला बत्तीघराच्या खिडकीशी रांग लागायची, टोकन आत सरकायचं, टोपीची बत्ती बाहेर यायची, आणि घेणारा सवयीनं तिच्या कडेवर अंगठा फिरवायचा. तिथं काहीच नसायचं. टोपी डोक्यावर चढली की बत्ती आपली आपण लागायची.

"बटण काहून काढलं जी, मॅडम?" बत्तीघर सांभाळणाऱ्या शालिक कन्नाकेंनी ती बत्ती घडवणाऱ्या चारुलता भोयरला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "हातानं लावाची-विझवाची सवय आमची."

चारुलतानं ते काही लहर आली म्हणून काढलं नव्हतं. कोळशाच्या भुकटीनं बटणं अडकत. जाड हातमोज्यात ती सापडतच नसत, आणि चार पातळ्यांतली हवी ती लागेपर्यंत माणूस ठेचकाळून पडलेला असे. म्हणून तिनं टोपीच्या कडेला मुगाएवढा कॅमेरा बसवला. तो डोळ्याची बाहुली मोजत राही. बाहुली मोठी झाली, म्हणजे डोळा उजेड मागतोय, दिवा वाढे. उजेड पुरला की बाहुली आकसे आणि दिवा तिथंच थांबे. शंभरातले चाळीस भाग उजेड कामगाराला भरपूर व्हायचा.

नागपूरच्या प्रयोगशाळेत एकदा गंमत झाली होती. काचेच्या डोळ्यांच्या पुतळ्याला टोपी घातली, तर दिवा वाढत वाढत थेट 'पूर्ण'वर जाऊन बसला. काचेची बाहुली कशाला आकसतेय! "आजोबांना मोतीबिंदू झालाय," असं म्हणून सगळे पोट धरून हसले होते.

पण चारुलताचा खरा जीव होता तो 'अदब'मध्ये. बत्ती करण्याआधी ती पंधरा दिवस खाणीत उतरत होती. समोरून कुणी आला की जुना कामगार मान खाली घालतो, आपला उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊ देत नाही, हे तिनं पाहिलं होतं. त्या काळोखातला नमस्कारच तो! तिला तो फार आवडला आणि तिनं तो बत्तीला शिकवला. समोर दुसरी बत्ती दिसली की ही मंद होई, काजव्याएवढी उरे, दहा पावलांवरून दिसतही नसे. या अदबीसाठी तिला बक्षीस मिळालं होतं, टाळ्या मिळाल्या होत्या.

मंगळवारी सकाळी दहाला खाणीतल्या एका बोगद्याचं छत बसलं. बारा जण धडपडत बाहेर आले. तेरावा आला नाही. तो देवराव, शालिकभाऊंचा धाकटा भाऊ.

पुढं वाट दोन बोगद्यांत फुटत होती, डावा नि उजवा. दोन्ही दगडांनी बुजलेले, दोन्हीकडं वीतभर फट. खणायचं यंत्र एकच. देवराव कुठल्या बाजूला आहे, ते कळल्याशिवाय खणणार कसं? बत्तीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रं दगडाखाली चेंगरली होती. म्हणून चारुलताला बोलावणं गेलं आणि ती नागपूरहून दोन वाजता येऊन पोचली.

"डावीकडं खणून राहिले," शालिकभाऊ म्हणाले. "उजव्या फटीतून तीनदा पाहिलं. काळोख आहे म्हणतेत. एक वाजल्यापासून तिथं एक माणूस राखणीला बसवला, काही चमकलं तर सांगाले."

चारुलतानं बत्तीघरातल्या संगणकाचा पडदा उघडला. देवरावच्या बत्तीचा क्रमांक दोनशे अठरा. ठिकाण नव्हतं, पण बत्ती बिनतारी संदेशानं आपली पातळी कळवत होती. चाळीस. मग ११:१० ला अदब. पुन्हा चाळीस. ११:५० ला अदब. पुन्हा चाळीस. १२:३५ ला अदब. पुन्हा चाळीस. आणि एक वाजल्यापासून सलग अदब.

"शालिकभाऊ, उजवीकडं किती वाजता पाहिलं होतं?"

त्यांनी वही उघडली. "अकरा-दहा. अकरा-पन्नास. बारा-पस्तीस."

देवराव उजवीकडंच होता. जिवंत होता, डोळे उघडे होते. फटीशी माणसं आली की तो त्यांच्याकडं बघत होता, ओरडत असेल, आणि पंपाच्या आवाजात ते ऐकू जात नसेल. अन् त्यांची बत्ती दिसली की ह्याची बत्ती मान खाली घालत होती! तासाभरापासून तर राखणदारच आपली बत्ती घेऊन समोर बसला होता.

"माणूस दुसऱ्याचा उजेड पाहून मान खाली घालतो ना, शालिकभाऊ? मी पाहिलंय ते."

"रस्त्यात भेटला तर घालते, मॅडम. बोलवाचं असलं तर मान वर करून सरळ तोंडावर मारते उजेड." ते थांबले. "तुमच्या पंधरा दिवसांत कोणी कोणाले बोलावलंच नसन."

नव्हतंच बोलावलं. तिनं खाणीच्या फोनवर झडप घातली. खाली बचावपथकाचे प्रमुख सहारे होते.

"साहेब, उजव्या फटीसमोर जा आणि सगळ्यांच्या बत्त्या विझवा!"

"विझवा? मॅडम, खाली बत्ती विझवायची नसते. आणि बटण कुठं आहे विझवायला?"

"टोप्या काढा. शर्टाखाली दाबून धरा, काहीही करा, पण समोर एक कण उजेड ठेवू नका!"

फोनवर नुसती खरखर उरली. शालिकभाऊ पडद्यापाशी येऊन उभे राहिले. ओठांत कसलंसं पुटपुटत होते, कुणा देवाचं नाव असावं. पडद्यावरची 'अदब' पुसली गेली. दहा. वीस. चाळीस.

आणि फोनमध्ये एकच गलका उठला. "दिसला! उजवीकडं! दिसला! यंत्र इकडं घ्या रे!"

शालिकभाऊ मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. "माझा देवराव… अगं माय, माझा देवराव…"

चारुलताही हसली. हसता हसता तिची नजर पडद्यावर गेली. साठ. ती वाट बघत राहिली, आकडा आता थांबेल म्हणून. सत्तर. ऐंशी.

"काय उजेड आहे, मॅडम!" खालून सहारे ओरडत होते. "डोळे दिपले आमचे!"

नव्वद. थांब रे बाबा, थांब, ती मनात म्हणत होती. काचेच्या डोळ्यांचा, न आकसणाऱ्या बाहुल्यांचा तो पुतळा तिच्यापुढं उभा राहिला.

शालिकभाऊ डोळे पुसत उठले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि तोंड भरून हसत तिच्याकडं वळले.

"पूर्ण आलं पाहा! पूर्ण म्हणजे चांगलंच ना जी, मॅडम?"