बाकाखालचा आवाज

"पाय जरा वर घेता का?"

आवाज खालून आला. ती बागेतल्या बाकावर बसली होती, हातात मोजायची टेप होती, आणि दुपारच्या त्या वेळी आसपास चिटपाखरू नव्हतं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वर पाहावं असंही तिच्या मनात येऊन गेलं, पण देव बोलायला आला तर पाय वर घ्यायला सांगणार नाही, एवढं तिला कळत होतं.

"खाली... खाली बघा. बाकाखाली."

तिने वाकून पाहिलं. एक माणूस उताणा पडला होता. हातात पाना, केसांत सुकलेलं गवत. टेप उलगडत आलेल्या माणसाला टेपपलीकडचं दिसत नाही, हेच खरं.

"तुम्ही कधीपासून आहात इथे?"

"तुमच्या आधीपासून. तुम्ही लांबी एकशे ऐंशी म्हणालात, तेव्हाच मी एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणणार होतो. पण म्हटलं, पहिल्याच भेटीत कुणाला खोडून कसं काढायचं!"

"मग पाय वर घ्या म्हणायला बरं जमलं."

"तुमचा पाय माझ्या हातावर आहे."

ती ताडकन उठली. तो सरपटत बाहेर आला, कपडे झटकले, आणि दुखऱ्या हाताकडे न बघता आधी बाकाकडे बघितलं. शहरातल्या बसायच्या सगळ्या सार्वजनिक जागा दुरुस्त करणारा तो फिटर होता. त्याने बाकाला तळव्याने हलकेच डोलवलं.

"बघा. पाय चार आहेत, पण जमिनीशी बोलणं तिघांचंच आहे. चौथा रुसलाय."

ती हसली. मोठ्याने. आणि आपल्याला एवढं मोठं हसू येतं, याचं तिलाच नवल वाटलं.

आता ही टेप घेऊन बाकावर का बसते, ते सांगायला हवं. बागेसमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका कंपनीत ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. पंखे, इस्त्र्या, कपडे धुण्याची यंत्रं. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये.' 'झाकण उघडे ठेवू नये.' नऊ वर्षांत तिने लिहिलेली निम्मी वाक्यं 'नये'ने संपत होती. कुणाला डोंगर चढायची हौस असते, कुणाला नाणी जमवायची; हिला बसायच्या जागांची. बाक, खुर्च्या, कट्टे, पायऱ्या. त्यांवर तिचा एक ब्लॉग होता, 'बसून बघितलं'. दर शुक्रवारी एक लेख. वाचक नऊ. त्यांत दादा, वहिनी, मावशी, आणि खुर्ची विकत घ्यायची म्हणून चुकून आलेले नि भिडेखातर थांबलेले एक गृहस्थ.

वहिनी मनाची मोकळी. ती म्हणाली होती, "छान असतं हो तुझं. पण शेवटपर्यंत आलं की वाटतं, आता मागच्या पानावर वॉरंटी कार्ड असणार."

हे तिला लागलं होतं. कारण मनातल्या मनात ती भारी विनोदी होती. मनात बाक बोलायचे, खुर्च्या कुरकुरायच्या, कट्टे एकमेकांच्या चहाड्या करायचे. पण मनातून बोटांत उतरेपर्यंत वाटेत कुठेतरी सगळ्याला इस्त्री होऊन जायची. तिला स्वतःचा असा खेळकर आवाज हवा होता, एवढीच तिची आस. आस लहान असली की लोकांना हसू येतं. ज्याची असते त्याला मात्र झोप येत नाही.

त्या शुक्रवारी तिने बागेतला बाक लिहिला. लांबी, उंची, लाकूड. आणि शेवटी, जरा थांबून... 'पाय चार आहेत, पण जमिनीशी बोलणं तिघांचंच आहे. चौथा रुसलाय.'

दोन दिवसांत वाचक ऐंशी झाले. 'अहो, किती गोड लिहिता!' असं एका अनोळखी बाईंनी लिहिलं. ते तिने चार वेळा वाचलं.

मग ती जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बागेत गेली. तो होताच. निघताना म्हणाला, "उद्या दवाखान्यात आहे मी. बाहेरच्या खुर्च्या."

"मी विचारलं नव्हतं."

"मीही तुम्हाला सांगितलं नाही. बाकाला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात होती. तिथल्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीला ओळीने जोडलेल्या. "अशा का जोडतात?" तिने विचारलं. नट पिळता पिळता तो म्हणाला, "इथे एकटीला भीती वाटते म्हणून." ती पाठमोरी झाली आणि पर्समधल्या कागदावर भराभर लिहून घेतलं.

असे दोन महिने गेले. तो रोज उद्याची जागा सांगायचा, ती रोज जायची. एकदा बाकाच्या पाठीवर बसलेल्या कबुतराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे आमचे साहेब, काम तपासायला येतात," आणि तेही शुक्रवारी छापून आलं. फोन नंबर दोघांनाही हवा होता. पण आधी समोरच्याने मागावा, अशी दोघांचीही मनोमन व्यवस्था होती. एकदा बसथांब्यावर अवेळी सर आली. पत्र्यावर थेंब तडतडायला लागले, तशी ती आत सरकली, तोही सरकला, आणि दोघांमध्ये उरलेल्या चार बोटं जागेतून वारा गार येत राहिला.

"रोज येता. ऑफिसात कुणी विचारत नाही?"

"मी कामाला येते. बाक बघायला."

"बाक तिकडे आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही इकडे बघताय."

तिने घाईघाईने बाकाकडे बघितलं. कान मात्र लाल झाले ते झालेच.

वाचक चारशे झाले. 'तुमची शैली', 'तुमची नजर', 'तुमचा तो खट्याळपणा'. प्रत्येक 'तुमची'पाशी तिला ठसका लागल्यासारखं व्हायचं. फिटरचा उल्लेख पहिल्या लेखात संकोचाने राहिला होता. दुसऱ्यात घालावा, तर पहिल्यात का नव्हता, असं कुणी विचारेल. मन मोठं लबाड असतं. पहिल्या चोरीची त्याला लाज वाटते, तिसरीची सवय होते, आणि आठव्या वेळी तर आपणच मूळ मालक असल्यासारखं ते ऐटीत चालायला लागतं.

आठवा लेख झाला, त्याच्या पुढच्या मंगळवारी तो वाचनालयात होता. ती शेजारी जाऊन बसली.

"ही खुर्ची कुरकुरते," तिने सुरुवात करून दिली.

"हं."

"...का कुरकुरत असेल?"

"स्क्रू ढिला आहे."

ती वाट बघत राहिली. त्याने स्क्रू आवळला. खुर्ची गप्प झाली.

"आज काही मिळणार नाही," तो मान वर न करता म्हणाला. "दुकान बंद."

"म्हणजे?"

"आमची ताई नर्स आहे. ड्यूटीवरून आली की फोनवर काहीबाही वाचत बसते. पाच आठवड्यांपूर्वी म्हणाली, ऐक रे, ही बाई अगदी तुझ्यासारखी बोलते."

"पाच आठवडे... तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर! सकाळी दात घासताना वाक्यं तयार करायचो. कबुतराचं होतं ना, ते दोन दिवस घोळवलं होतं." त्या दिवशी तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "घेतलंत त्याचं काही नाही हो. शब्द काय, हवेतलेच. पण आठ लेख झाले. बाक आहे, नट आहे, कबूतरसुद्धा आहे. मी नाही. बाकाखालून आवाज येतो, आणि बाकाखाली कुणीच नाही. फिटर म्हणायला लाज वाटली का?"

"नाही!" ती एवढ्या जोराने म्हणाली की चार वाचकांनी पुस्तकांवरून बघितलं. तिने आवाज खाली आणला. "तसं नाही... तुम्हाला लिहिलं असतं, तर..."

"तर काय?"

"...तर सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

तिने पर्समधून टेप काढली आणि खुर्चीची पाठ मोजायला घेतली. मग त्याने हत्यारं आवरली. "आणि गंमत सांगू? त्या लेखांत तुम्हीपण नाही. तुम्ही बसता कशा, हे मी दोन महिने बघतोय. बेचाळीस बाक मोजले म्हणता, पण त्याबद्दल लेखांत एक अक्षर नाही."

"कशी बसते मी?"

"ते मी सांगितलं, की शुक्रवारी छापून येईल."

तो गेला. उद्या कुठे, ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात वहिनीजवळ जाऊन उभी राहिली. "वहिनी, मी बसते कशी गं?"

वहिनीने क्षणभरही विचार केला नाही. "टोकावर. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. सोफा असो, पलंग असो, टोकावर. आता कुणीतरी येऊन 'ऊठ, ही जागा माझी' म्हणणार असल्यासारखी."

दादा आतून ओरडला, "सिनेमाच्या खुर्चीतपण! मागचा माणूस दुवा देतो हिला!"

ती खोलीत गेली. आपण बसलोय कुठे, ते तिने बघितलं. खुर्चीच्या टोकावर. बेचाळीस बाकांच्या पाठी तिने टेपने मोजल्या होत्या, वाक किती, उतार किती. पाठ एकीलाही लावली नव्हती. तिला हसू फुटलं. एकटीला, रिकाम्या खोलीत. ते हसू ओसरायच्या आत तिने लिहायला घेतलं, आणि या खेपेला वाटेत इस्त्रीवाला भेटला नाही.

'खुलासा', तिने लिहिलं. 'या ब्लॉगवर आजवर बेचाळीस पाठींबद्दल ठाम मतं दिली गेली. त्यांपैकी एकाही पाठीला लेखिकेची पाठ लागलेली नाही. लेखिका टोकावर बसते. वाचकांनी रागावू नये. रागावल्यास थंड व कोरड्या जागी रागावावे.

'दुसरा खुलासा जड आहे, दोघांनी मिळून उचलावा. गेल्या दोन महिन्यांत इथे तुम्हाला जे हसू आलं, ते माझं नव्हे. बाकाखाली एक माणूस असतो. तो फिटर आहे. रुसलेला पाय त्याचा, भित्र्या खुर्च्या त्याच्या, कबूतरही त्याचंच. मी फक्त वर बसून ऐकत होते, आणि खाली कोण आहे ते तुमच्यापासून लपवत होते. त्याच्या उजव्या भुवईवर ग्रीस असतं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तो पुसेल.

'वापरापूर्वीची सूचना: या माणसासमोर हसल्यास तो बोलतच राहतो. बंद करण्याचे बटण सापडलेले नाही. लेखिकेने शोधलेलेही नाही. मला तो बरा वाटतो.'

शुक्रवारी लेख गेला. शंभरेक वाचक त्याच दिवशी निघून गेले. 'फसवणूक' असा एकच शब्द एकाने टाकला, आणि तिने तो काढला नाही. खुर्ची विकत घ्यायला आलेले गृहस्थ मात्र प्रथमच बोलले: 'ताई, आज तुम्ही भेटलात.' वहिनी वाचत असताना दूध उतू गेलं, नि त्याबद्दल दादा बोलला, नि दादाला वहिनी बोलली.

फिटर बोलला नाही. शनिवार गेला, रविवार गेला. ती दुपारी बागेत जाऊन आली, दवाखान्यात जाऊन आली. खुर्च्या होत्या. सोमवारी संध्याकाळी लेखाखाली एक ओळ दिसली. 'मंगळवार. दुपारी. नदीकाठचा शेवटचा बाक.' सही नव्हती.

मंगळवारी तो बाकावर बसला होता. नीट, वर, माणसासारखा. शेजारी हत्यारांची पेटी. भुवईवर ग्रीस नव्हतं. तिला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं. ती पेटीच्या पलीकडे बसली. पाणी संथ वाहत होतं, आणि दोघं बराच वेळ त्यालाच बघत राहिली, जणू तेही दुरुस्तीला आलं होतं.

"ताई वाचून दाखवते म्हणाली," तो म्हणाला. "मी म्हटलं, नको. हे माझं मी वाचतो."

"मग?"

"चांगलं आहे. एक चूक आहे फक्त."

"कुठे?" नऊ वर्षं पुस्तिका लिहिणारी ती दचकली.

"शेवटी. 'बरा वाटतो.'" त्याने ते दोन शब्द नटासारखे बोटांत धरून फिरवून पाहिले. "बरा? बरा तर सर्दीनंतर माणूस वाटतो."

"आमच्याकडे अतिशयोक्ती चालत नाही. पडताळून बघितलेलंच लिहायचं असतं."

"दोन महिने पडताळून झालं नाही?"

"झालं."

"मग दुरुस्ती करा."

तिने श्वास घेतला. कागद नव्हता, टेप नव्हती, खालून कुणाचा आवाजही येणार नव्हता. जे काही बोलायचं, ते तिचं तिनेच.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "फार. तू गप्प बसलास तरीसुद्धा. खरं तर त्या दिवशी गप्प बसलास, तेव्हाच नीट कळलं."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शहरातल्या प्रत्येक खुर्चीबद्दल ज्याच्याकडे काही ना काही असायचं, तो कानापर्यंत लाल होऊन नदीकडे बघत राहिला.

"मी..." तो म्हणाला. "म्हणजे... मला..."

ती वाट बघत होती, आणि तिला भारी मजा येत होती.

"सावकाश," ती म्हणाली. "शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत."

तेव्हा तो हसला. मधली पेटी उचलून त्याने खाली जमिनीवर ठेवली, आणि पेटीच्या जागी स्वतः सरकला.