दिव्याला नमस्कार

चार वाजले नाहीत तोच लंडनजवळच्या पिनरमध्ये अंधार पडला होता, वर पावसाची पिरपिर. मी शनिवारी ज्या चॅरिटी शॉपमध्ये मदतीला जाते, तिथे कुणीतरी एक जुना दिवा देऊन गेलं होतं — थाळीवर थाळी ठेवल्यासारखा, पांढरा, गुबगुबीत. चालतो का बघायला मी स्विच दाबला... आणि हात जोडले. आईने लावलेली सवय. तिन्हीसांजेला दिवा लागला की नमस्कार, मग तो विजेचा का असेना!

मान वर केली, तर समोरच्या भिजलेल्या गिऱ्हाइकाचेही हात जोडलेले.

"मराठी?" मी विचारलं.

"हो... क्षितिज," तो लाजून हात खाली घेत म्हणाला. "आणि हा दिवा डॅनिश. पीएच फाइव्ह. नाइन्टीन फिफ्टी-एटचं डिझाइन."

माझ्याच वयाचा दिसत होता, मी सरळ अरे-तुरेवर आले. "माणसांशीही बोलतोस, की फक्त दिव्यांशी?"

"दिवे उलट बोलत नाहीत."

तरी बोलला, चांगला दुकान बंद होईपर्यंत. म्हणे बल्बवाले सारखे बल्बचे आकार बदलायचे, म्हणून डिझायनरने वैतागून कुठलाही बल्ब चालेल असा दिवा केला. कुठूनही बघा, बल्ब डोळ्यांत खुपत नाही. टेबलावर अगदी खाली टांगायचा, म्हणजे समोर बसलेल्याचा चेहरा छान दिसतो... हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगाचच हँगर सरळ करत बसले.

दिवा त्याने घेतला. मग दर शनिवारी काही ना काही घ्यायला यायला लागला, एकदा तर चक्क बायकांचा स्कार्फ घेऊन गेला. मला तो आवडायला लागला होता, भयंकर! पण फेब्रुवारीत तो एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये जॉइन होणार होता, आणि हा शहाणा तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ.

जाण्याआधीच्या शनिवारी तो कपाळावर टेंगूळ घेऊन आला. "वरदा, दिव्याचं काहीतरी चुकलंय... येऊन बघशील, प्लीज?"

त्याच्या फ्लॅटवर गेले, तर दिवा रिकाम्या खोलीच्या मधोमध, माझ्या डोक्याच्या उंचीला लटकलेला. खाली काहीच नाही.

"अरे, टेबल कुठंय?"

"घेतलंच नाही. टेबल आलं की दोन खुर्च्या आल्या. दुसरीवर कोण बसणार, हे... विचारायचं धाडसच होत नव्हतं."

"आणि डोकं आपटून घ्यायचं धाडस होतं?"

तो हसला नाही. "मला समोर तूच हवीयेस, वरदा. रोज. आय मीन इट. येशील एडिनबराला?"

माझे डोळे भरून आले. मग नेहमीप्रमाणे जिभेनेच सावरून घेतलं. "तिथे म्हणे थंडीत साडेतीनलाच काळोख होतो."

"मग दिवा लवकर लावू ना."

"टेबल मात्र मी निवडणार."

बाहेर अंधारून आलं होतं. त्याने स्विच दाबला आणि येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. मऊ उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला, त्या टेंगळासकट. सवयीने मी हात जोडायला गेले... पण त्याने ते सोडले नाहीत, आणि मीही सोडवून घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी दिव्याला नमस्कार करायचा राहूनच गेला.